तासमास्तरांची दुसरी नळी

तासमास्तरांचा उजवा पाय कधी थांबत नसे. बसले की गुडघा हलायचा, उभे राहिले की टाच, जणू खाली शिवणयंत्राची पायपट्टी ठेवली आहे. असा पाय हलवला की घरातली लक्ष्मी जाते, असे आपल्याकडे म्हणतात. कोणी त्यांना ते ऐकवलेच तर म्हणायचे, "ती कवाच गेली. हा पाय तिलाच हुडकायलाय." हात मात्र इतका शांत, की सुई शिरली कधी आणि निघाली कधी हे पेशंटला कापूस दाबायला सांगितल्यावरच कळायचे.

उस्मानपुऱ्यातल्या एका लहान खासगी दवाखान्यात, जिन्याखालच्या खोलीत ते रक्त तपासत. खरे नाव भिंतीवरच्या प्रमाणपत्रात होते, पण ते वाचत बसायला तिथे आलेल्या कोणाचे मन ठिकाणावर असणार? नर्सपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे मागे त्यांना तासमास्तर म्हणत आणि तोंडावर मामा. नाव पडले ते ईएसआर नावाच्या तपासणीमुळे. रक्त एका उंच, बारीक काचेच्या नळीत भरायचे आणि ती नळी अगदी सरळ उभी ठेवायची. तांबड्या पेशी हळूहळू खाली बसतात, वर पिवळसर पाणी उरते. बरोबर एका तासाने पेशी किती उतरल्या ते पाहायचे. अंगात कुठे सूज, जळजळ, जंतू असले तर त्या भराभर उतरतात. तास म्हणजे तास, पंचावन्न मिनिटे नाहीत. खिडकीतून कोणी "रिपोर्ट झाला का हो?" विचारले की मास्तर वर न बघता डाव्या हाताचे एक बोट उभे करत. एक तास.

नळी जराशी कलली किंवा टेबल हादरले तरी आकडा बिघडतो. त्यामुळे मास्तरांना सगळ्यांत जास्त धास्ती होती ती स्वतःच्या पायाची. नळ्या लावल्या की ते खोलीबाहेर येऊन उंबऱ्यापलीकडे उभे राहत आणि तिथे पाय हलवत. कधी आत बसणे भागच पडले तर मात्र पाय तासभर थांबायचा. तो कसा थांबवतात हे मी एकदा विचारले होते. म्हणाले, "दात दाबून. दुसरं काय?"

त्यांची माझी गाठ पडली ती आईमुळे. चिकलठाण्याच्या आमच्या घरी सकाळी कणीक मळता मळता आईच्या हातातून परात सुटली आणि उजवी बाजू गेली. वाचाही गेली. वडील आधीच वारलेले, भाऊ पुण्याला, तो रात्रीपर्यंत पोचायचा होता. मी तिला घेऊन या दवाखान्यात आले आणि पलंगाशेजारच्या स्टुलावर बसले. बसले कसली, दर दोन मिनिटांनी उठत होते. पलंगाच्या डोक्याशी एक पाटी लावली होती: 'तोंडाने काहीही देऊ नये.' लकव्याच्या झटक्यानंतर गिळण्याची ताकद जाते, पाणी पोटात जायच्या ऐवजी छातीत उतरते, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. मी मान हलवली. मान हलवायला काय लागते?

मी मुळात उतावळी. त्यात हातात फोन. झटक्यानंतर रक्तातली जळजळीची खूण, म्हणजे सीआरपी, चढीच राहिली तर पेशंट उठणे अवघड जाते, असे कुठेतरी वाचले आणि त्या तीन अक्षरांनी माझा ताबाच घेतला. रोज सकाळी मास्तर आईचे रक्त काढायला वर आले की मी त्यांच्या मागे मागे जिना उतरायची. आकडा किती, कालचा किती, वाढला तर का, कमी झाला तर आई बोलेल का. दुसऱ्या एखाद्याने हाकलून दिले असते. मास्तरांनी उंबऱ्यापलीकडे मला त्यांच्या शेजारी जागा करून दिली.

"हे बग पोरी," ते म्हणाले, "सीआरपी म्हंजी गावातला बोभाटा. कुटं तरी आग लागली येवढं कळतं. कोणाच्या घरात लागली ते नाय कळत. ते हुडकायचं डॉक्टरनं."

"आणि ईएसआर?"

"ते म्हातारं. सीआरपी तरणं पोरगं, बातमी घिऊन पळत येतं, आग इझली की पळत जातं. म्हातारं हळू येतं, पण एकदा बसलं की महिना महिना उठत नाय." असे म्हणून त्यांनी टाच जोरजोरात हलवली. त्यांना स्वतःचेच बोलणे आवडले होते हे मला दिसले.

दुसऱ्या दिवशीची एक गोष्ट अजून डोळ्यांपुढे आहे. कोणाचे तरी नातेवाईक, चांगला दांडगा माणूस, फोनवर बोलत बोलत खोलीत शिरला आणि कोपर टेकवून टेबलावर रेलला. आठ नळ्या उभ्या होत्या. मास्तर पाणी प्यायला गेले होते. परत आले, त्या माणसाला हाताला धरून बाहेर काढले आणि आठही नळ्या रिकाम्या केल्या. मग सुयांचा ट्रे घेऊन वर गेले. नर्स म्हणाली, "मामा, रक्ताची गुठळी झाली म्हणून सांगा ना, कोण विचारतंय?" मास्तरांनी ऐकले नाही. प्रत्येक पलंगापाशी थांबून तेच वाक्य म्हणाले, "दार उघडं मी ठिवलं. चूक माझी हाये. परत टोचावं लागंल." एक आजोबा चांगलेच खेकसले. मास्तर मान खाली घालून उभे राहिले, पाय हलत होता. जिन्यात मला म्हणाले, "ज्याच्या अंगावर चूक झाली त्याला नाय सांगायची तर कोणाला? त्याचंच रगत हाये."

आणि त्यानंतर दोनच दिवसांनी माझ्या हातून ते झाले.

आईला पहाटे उठल्या उठल्या दोन कप चहा लागायचा. पहिला देवाआधी, दुसरा देवानंतर, असे ती म्हणायची आणि देवालाही तिने याची सवय लावली होती. चौथ्या दिवशी सकाळी मी समोरच्या टपरीवरून थर्मासमध्ये चहा आणला, माझ्यासाठी. भाऊ रात्री जागून घरी गेला होता, नर्स पाळी बदलायला गेल्या होत्या. झाकण उघडले, वास गेला आणि आईच्या तोंडून आवाज आला. "च... च..." चार दिवसांतला तिचा पहिला आवाज! माझे काळीज असे उडाले की पाटी दिसेना. स्टीलच्या चमच्याने मी तिला चार चमचे चहा पाजला. तिला थोडा ठसका लागला. मग तिची डावी बाजू हसली. मी तोंड पुसले, चमचा धुऊन खिडकीत ठेवला आणि दिवसभर ते अर्धे हसू मनात घेऊन हिंडत राहिले. कोणाला सांगितले नाही. सांगण्यासारखे काही केले आहे असे वाटलेच नाही, म्हणजे वाटले, पण मी ते वाटू दिले नाही.

दुसऱ्या दिवशी आईला ताप भरला. सीआरपी एकदम तिपटीवर. डॉक्टरांनी लघवी तपासायला पाठवली, हातातली सलाईनची सुई बदलली, पाठीला जखम आहे का पाहिले. छातीत अजून काही ऐकू येत नव्हते. मी बाजूला उभी राहून चादर सारखी करत होते. भाऊ शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "इतकी काळजी घेऊनसुद्धा कसं काय?" त्या 'काळजी'वर मी पार खचले.

सहाव्या दिवशी सकाळी मास्तर रक्त काढायला आले. आईच्या दंडाला पट्टा बांधता बांधता त्यांची नजर खिडकीत गेली. भाऊ आंघोळीला गेला होता.

"तोंडानं बंद हाये ना हिचं? मग चमचा कशाला धुतलाय?"

"माझा आहे मामा. चहाला."

"तू चहा चमच्यानं पितीस व्हय?"

 त्यांनी रक्त काढले, कापूस ठेवला, आईचा हात अलगद कोपरात दुमडला. मग दारात जाऊन उभे राहिले. मी मागे गेले आणि सगळे सांगून टाकले, रडत, चार वेळा तेच तेच. त्यांचा पाय फार जोरात हलत होता. रागावले का ते कळेना.

"तुम्ही डॉक्टरांना सांगणार?"

"मी सांगितलं तर ती चुगली व्हती. तू सांगितलं तर इलाज व्हतो." आणि डाव्या हाताचे बोट उभे केले. "डॉक्टर राउंडला यायला एक तास हाये."

तो तास मी जिन्याखाली काढला. आईच्या रक्ताची नळी त्यांनी लावली होती, आणि शंका असली की लावायचे तशी तिच्या शेजारी दुसरीही, त्याच रक्ताची. "एका नळीवर मी आकडा सांगत नाय," हे त्यांचे नेहमीचे. मी उंबऱ्यावरून त्या दोन नळ्यांकडे पाहत होते. तांबडे खाली सरकताना दिसत नाही, पण नजर काढून पुन्हा पाहिले की सरकलेले असते. मी भावाला काय सांगू याची वाक्ये जुळवली. डॉक्टर सगळ्यांसमोर ओरडले तर काय होईल याची उजळणी केली. नाही सांगितले तर? ताप काय, कशानेही येतो. असेही ठरवले दोनदा. दोन्ही वेळा मास्तरांकडे पाहिले, ते घड्याळाकडे बघत होते. माझ्याकडे त्यांनी तासभरात एकदाही पाहिले नाही, आणि पाहिले असते तर मी नक्की पळाले असते.

मी सांगितले. डॉक्टर ओरडले नाहीत, डोळे मिटून एक श्वास घेतला फक्त. मग आईला कुशीवर वळवून बराच वेळ उजव्या फासळीखाली ऐकत राहिले, एक्स-रे काढायला लावला. आग त्याच घरात होती. औषध बदलले, छातीचा व्यायाम सुरू झाला. पाच दिवस आई कुठल्या बाजूला जाईल ते कोणालाच सांगता येत नव्हते. मग ते तरणे पोरगे हळूहळू परत फिरले. मास्तर रोज खालून आकडा घेऊन स्वतः वर येत आणि दारातून ओरडत, "उतरलं गं!" भावाला मी एवढेच सांगितले, की छातीत जंतू गेले.

आई घरी आली. पण उजवा हात आला नाही, पाय अर्धा आला आणि शब्द आले ते मोजकेच. त्यांत सगळ्यांत स्वच्छ शब्द 'चहा'. ती तो दिवसातून चार वेळा म्हणते. आता तिला गिळता येते, चहा देता येतो. पण कप पुढे करताना मी तिच्या डोळ्यांकडे पाहत नसे. त्या चार चमच्यांनी तिचा हात नेला का? तो ताप आला नसता, तर ती चालली असती का? हे मला कोणी विचारत नव्हते. मीच मला विचारत होते, भाजी चिरताना, गाडी चालवताना, क्रांती चौकात सिग्नल हिरवा झाल्यावरसुद्धा, मागचा हॉर्न वाजवीपर्यंत.

रक्त पातळ ठेवायच्या गोळ्यांमुळे महिन्याला आईची तपासणी असे. मास्तर त्यासाठी घरी येऊ लागले. स्कूटरवरून, थंडीत कानटोपी, उन्हात गमछा. चहा उभ्यानेच पीत. आई त्यांना बघून हसायची, ते तिला म्हणायचे, "काय वयनी, पळायचं का?" आणि ती खरेच सगळ्या अंगाने हसायची. त्यांना पोचवायला मी फाटकापर्यंत जायची आणि एकदा तरी तोच प्रश्न विचारायची.

"मामा, मी चहा दिला नसता तर?"

पहिल्यांदा त्यांनी ऐकले न ऐकल्यासारखे केले. दुसऱ्यांदा म्हणाले, "वयनीला सांगितलं का?" मी नाही म्हणाले. तिसऱ्यांदा वैतागले. "एका नळीवर मी आकडा सांगत नाय, ठावं हाये ना? तुझ्या आईची दुसरी नळी मी कुठून आणू? चहा न दिलेली आई दाव मला, मग सांगतो." स्कूटरला किक मारली. मग वळून, मऊ आवाजात, "सांग तिला. लई दिस ठिवू नकू." मी सांगितले नाही. आईला कळलेच तरी तिच्याकडे मला रागवायलाही शब्द नव्हते, आणि हेच मला सहन झाले नसते.

मग दवाखान्यात यंत्र आले. ते ईएसआर काही मिनिटांत सांगते, त्याला टेबल हलल्याचे काही नाही. खिडकीपाशी कोणी थांबेना. मास्तर काही महिने त्या यंत्रासमोर बसले. मी एकदा गेले तर म्हणाले, "चांगलं हाये बेनं. चुकत बी नाय." आणि थोड्या वेळाने, "पण माणसाला जरा टाइम मिळत नाय बग." पुढच्या महिन्यात त्यांनी काम सोडले आणि अजिंठ्याकडच्या आपल्या गावी, मुलाकडे राहायला गेले. आईचे रक्त काढायला एक मुलगी येऊ लागली. ती चहा पीत नाही.

गेल्या वर्षी मास्तरांच्या मुलाचा फोन आला. मामांना लकवा मारला होता, त्याच दवाखान्यात आणले होते. मी धावत गेले. उजवी बाजू गेली होती, वाचाही. चादरीखाली उजवा पाय पडून होता, अगदी स्वस्थ, आणि मला ते बघवेना. इतकी वर्षे ज्याला दात दाबून थांबवावे लागले, तो असा कसा निमूट? डावा पाय मात्र हलत होता. आयुष्यात कधी न हलवलेला डावा पाय त्यांनी आता कामाला लावला होता.

गावाकडची माणसे भेटायला आलेली. एका म्हातारीने पिशवीतून बाटली काढली. दूध घातलेला चहा, घरचा. "दोन घोट घिऊ द्या की त्येंला, जीव आडकलाय." मुलगाही कावराबावरा झाला होता, हो म्हणणारच होता. मी पलंग आणि बाटली यांच्यामध्ये उभी राहिले. म्हातारी मला नाही नाही ते बोलली. सून म्हणाली, "तुम्ही कोण लागता हो आमच्या?"  मी हलले नाही.

मास्तर माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी डाव्या हाताचे एक बोट उभे केले. मी स्टूल ओढून बसले. तासभर बसले. तो तासभर त्यांचा डावा पाय थांबला होता.

त्यानंतर रोज जात राहिले, मुलगा आणि मी आलटून पालटून बसत होतो. तोंडात थेंबही जाऊ दिला नाही. सहाव्या दिवशी सीआरपी चढला. छातीतच. नवीन तरुण डॉक्टर होते, त्यांनी विचारले, "कोणी काही पाजलं का?" मी म्हणाले, "नाही. मी इथे होते." ते म्हणाले, "न पाजताही होतं. स्वतःची लाळच उतरते छातीत. झटक्यानंतर शरीर लढत नाही." किती सहज म्हणाले, आणि पुढच्या पलंगाकडे गेले.

नवव्या दिवशी दुपारी मास्तर गेले. मुलगा रडत होता, आणि मी व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होते, आणि मला हलके वाटत होते. आजवर कोणाला सांगितले नाही, ते इथे सांगते: त्या माणसाच्या मरणाने मला हलके वाटले. चहा न दिलेलाही माणूस मला दिसला होता. लगेच स्वतःची इतकी लाज वाटली की मी जिना उतरून त्या जिन्याखालच्या खोलीपाशी जाऊन उभी राहिले. आत ते यंत्र घुमत होते. दुसरी नळी त्यांनी लावली ती स्वतःची. यावरूनही पक्के काही सांगता येत नाही, हे मला कळते. मास्तर तर म्हणालेच असते, दोन नळ्यांवरून वयनीचा हात गेला कशाने हे थोडंच कळतंय? पण त्यांचा दुसरा प्रश्न मात्र तसाच शिल्लक होता. वयनीला सांगितलं का?

घरी आले तेव्हा संध्याकाळ झाली होती. आई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. म्हणाली, "चहा." मी केला. दोन कप आणले, तिच्यासमोर खाली बसले आणि सांगितले. मामा गेले हे आधी, मग चौथ्या दिवसाची सकाळ, थर्मास, चार चमचे, खिडकीतला चमचा, सगळे. या वेळी एकदाच सांगितले. तिच्या डोळ्यांकडे पाहत सांगितले.

 आईला शब्द सापडायला वेळ लागतो, मला माहीत आहे, पण तेवढ्या वेळात माझा पाय जमिनीवर हलू लागला होता. मी दात दाबून तो थांबवला. मग तिने डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि एकेक अक्षर ओढून काढत म्हणाली,

"ग्वाड... व्हता."

आणि रिकामा कप माझ्यापुढे धरला.